वेगवेगळी पिस्तुले आणि कॅलिबर वापरून सराव केल्याने नेम सुधारतो का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमके कशाचे उत्तर देत आहे हे स्पष्ट राहील. तुम्ही दीड वर्षापासून ९ मिमीच्या एकाच पिस्तुलाने, उजव्या हाताची मुख्य आणि डाव्या हाताची आधाराची पकड घेऊन सराव करत आहात. महिन्यातून दोनदा रेंजवर जाता आणि दर वेळी साधारण शंभर गोळ्या झाडता. पहिले सहा महिने प्रगती दिसली. त्यानंतर १५ मीटरवरचा ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका) पसरट तो पसरटच राहिला आणि दहातल्या तीन-चार गोळ्या हमखास खाली डावीकडे जातात. एका अनुभवी नेमबाजाचे म्हणणे असे की .२२, रिव्हॉल्व्हर, .४५ (हे आकडे कॅलिबरचे, म्हणजे इंचांत मोजलेल्या गोळीच्या जाडीचे) असे जे मिळेल ते चालवून बघा, त्याशिवाय हात तयार होणार नाही. दुसऱ्यांचे म्हणणे असे की एकच शस्त्र धरून ठेवा, नाहीतर बसलेला हातही बिघडेल. यातले कोणाचे ऐकावे आणि त्यासाठी दुसरे पिस्तूल विकत घ्यावे का, असे तुम्ही विचारले आहे.

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, कारण मी दोन्ही प्रकारचे नेमबाज पाहिले आहेत. शस्त्र बदलल्यामुळे चार आठवड्यांत सुधारलेले पाहिले, आणि दर आठवड्याला नवे पिस्तूल हाती घेऊन तीन वर्षे जागच्या जागी राहिलेलेही पाहिले. तरीही ‘एक की अनेक’ हा तुमच्यापुढचा खरा प्रश्न आहे असे मला वाटत नाही. दीड वर्षात तुम्ही सुमारे ३,६०० गोळ्या झाडल्या आहेत. एवढ्या गोळ्यांत जी चूक गेली नाही, ती आणखी तेवढ्याच गोळ्या झाडून जाणार नाही, कारण ती तुमच्या पिस्तुलाच्या धक्क्याआड दडलेली आहे आणि तुम्हाला दिसतच नाही. मी दुसरे शस्त्र हातात देतो ते मुख्यतः ही चूक दिसावी म्हणून. त्यामुळे कोणते शस्त्र, किती गोळ्यांसाठी आणि कोणत्या क्रमाने, हे त्या चुकीवरून ठरते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. तुम्ही स्पर्धेसाठी सराव करत असाल तर त्या स्पर्धेचे नियम शस्त्राची निवड बरीचशी ठरवून टाकतात. नोकरीचा भाग म्हणून ठरावीक शस्त्र बाळगत असाल तर त्या शस्त्राची हाताळणी अंगवळणी पडलेली असणे सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि तिला धक्का लागेल असा कोणताही बदल मी सुचवणार नाही. हाताचा पंजा लहान असेल, मनगट किंवा कोपर दुखत असेल, चष्म्याचा नंबर बदलला असेल, तर प्रत्येकाचा मार्ग थोडा वेगळा होतो. परवान्याचे नियम आणि रेंजवर भाड्याने काय मिळते हेही आहेच. तुमच्या प्रश्नात यातले काही नाही, म्हणून निरोगी, प्रौढ आणि हौसेने नेमबाजी करणाऱ्या व्यक्तीला गृहीत धरून लिहितो.

सर्वांत आधी पिस्तूल निर्दोष आहे याची खात्री करून घ्या. मनगटांखाली वाळूची पिशवी ठेवून, अजिबात घाई न करता पाच गोळ्या झाडा, आणि मग तेच पिस्तूल एखाद्या कसलेल्या नेमबाजाकडून पाच गोळ्यांसाठी चालवून घ्या. दोघांच्याही गोळ्या डावीकडे गेल्या तर रिअर साइट (नेम धरण्याची मागची खाच) सरकवण्याची गरज आहे आणि पुढचे बरेचसे वाचण्याची गरज नाही. त्यांचा ग्रुप मध्यभागी आला आणि तुमचा खाली डावीकडे, तर दोष हातात आहे. तुमच्या वर्णनावरून मला दुसरी शक्यता अधिक वाटते, कारण साइट चुकलेली असती तर दहाच्या दहा गोळ्या एकाच बाजूला गेल्या असत्या, तीन-चार नव्हे.

उजव्या हाताच्या नेमबाजाच्या गोळ्या खाली डावीकडे जाणे ही अगदी ओळखीची तक्रार आहे. बहुतेक वेळा तिच्यामागे दोन गोष्टी एकत्र असतात. पिस्तूल उसळणार हे शरीराला माहीत असते, म्हणून मनगट ट्रिगर सुटायच्या आत नळी खाली दाबते. आणि त्याच क्षणी पूर्ण पंजा आवळला जातो, त्यामुळे नळी डावीकडे वळते. इथे वेळेचे गणित समजून घेण्यासारखे आहे. ९ मिमीची गोळी साधारण १० सेंटिमीटरच्या नळीतून एका मिलिसेकंदाच्या आत बाहेर पडते. धक्का किंवा आवाज जाणवून स्नायूंनी त्याला प्रतिसाद द्यायला त्याच्या कित्येक पट वेळ लागतो. म्हणजे धक्क्याला दिलेला प्रतिसाद गोळीची दिशा बिघडवू शकत नाही; ती बिघडवते धक्क्याच्या अपेक्षेने आधीच केलेली हालचाल. कसलेले नेमबाजही गोळी सुटल्यावर पिस्तूल खाली आणतात आणि त्यात काही गैर नाही. फरक फक्त आधी आणि नंतर एवढाच आहे. तो क्षण इतका लहान आहे की स्वतःच्या डोळ्यांना तो दिसत नाही, कारण त्याच वेळी आवाज होतो, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे येते आणि बहुतेकांची पापणीही मिटते.

म्हणून शस्त्र बदलण्यापूर्वी एक साधी चाचणी करायला सांगतो. तुमच्या मॅगझीनमध्ये सोबत्याला खऱ्या काडतुसांत दोन-तीन डमी (दारू नसलेली) काडतुसे मिसळून भरू द्या. कोणत्या क्रमाने भरली हे तुम्हाला कळता कामा नये. ट्रिगर दाबल्यावर गोळी सुटण्याऐवजी नुसता ‘टक्’ आवाज झाला की नळीचे टोक काय करते ते पाहा. माझ्याकडे येणाऱ्या एका नेमबाजाने मला ठामपणे सांगितले होते की आपण दचकत नाही. चौथे काडतूस डमी निघाले. नळी दोन बोटे खाली गेली, थोडी डावीकडे वळली आणि तिथेच थांबली, जणू टार्गेटच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट दाखवत होती. त्याच्या गोळ्यांची भोके बरोबर त्याच कोपऱ्यात होती. तो बराच वेळ त्या नळीकडे पाहत राहिला. मला एक शब्दही बोलावा लागला नाही. त्या आधीच्या सहा महिन्यांत ग्रिप बदल, ट्रिगरवर बोटाचा दुसरा भाग ठेव, पाय आणखी फाकव असे सल्ले त्याने किती जणांकडून ऐकले असतील! खरे दुखणे दिसल्यावर त्यातले बहुतेक सल्ले गरजेचे राहिले नाहीत.

तुमच्या चाचणीत नळी अशीच खाली गेली तर पहिला बदल .२२ लाँग रायफल या नावाच्या काडतुसाचे पिस्तूल हा असावा. त्याचे कारण आकड्यांत पाहिले की लगेच पटते. .२२ ची नेहमीची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची असते आणि पिस्तुलाच्या नळीतून सेकंदाला साधारण ३०० मीटर वेगाने सुटते. ९ मिमीची १२४ ग्रेनची गोळी ८ ग्रॅमची आणि तिचा वेग सेकंदाला सुमारे ३५० मीटर. वजन आणि वेग यांचा गुणाकार केला तर ९ मिमीचा गोळीमागचा रेटा .२२ च्या साडेतीन पटींहून अधिक भरतो. धक्का एवढा कमी झाला की हाताला घाबरण्याचे कारण उरत नाही, आणि ट्रिगर सुटतो त्या क्षणी फ्रंट साइट (नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट) कुठे होती हे डोळ्याला पहिल्यांदाच दिसते. नेमबाजीत आम्ही ज्याला ‘कॉल करणे’ म्हणतो, म्हणजे टार्गेट न पाहता गोळी कुठे लागली असेल ते सांगणे, ते .२२ वरच शिकता येते. प्रत्येक गोळीनंतर मनातल्या मनात ‘जरा उजवीकडे’, ‘मध्ये’, ‘खाली गेली’ असे म्हणा आणि मगच दुर्बिणीतून पाहा. दहापैकी सात-आठ अंदाज बरोबर येईपर्यंत .२२ सोडू नका.

.२२ ने फसगतही होते, हे सांगितले पाहिजे. हलक्या धक्क्यात सैल पकड खपून जाते, त्यामुळे दोन महिने फक्त .२२ चालवून ९ मिमीकडे परतलेल्या माणसाची पकड ढिली झालेली असते आणि दुसऱ्या गोळीपासून पिस्तूल हातात सरकू लागते. म्हणून .२२ धरतानाही पकड ९ मिमीइतकीच घट्ट ठेवा आणि प्रत्येक सत्राची अखेर तुमच्या नेहमीच्या पिस्तुलानेच करा. शक्य असेल तर तुमच्याच पिस्तुलाच्या घडणीचे .२२ मॉडेल किंवा त्यावर बसणारा .२२ चा संच मिळवा, म्हणजे ग्रिप आणि साइट सारख्याच राहतील आणि बदलेल तो मुख्यतः धक्का.

हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा थांबून सांगतो. शस्त्र बदलताना एका वेळी एकच गोष्ट बदलली पाहिजे. ग्रिपचा (मुठीचा) कोन, ट्रिगरचे वजन (तो दाबायला लागणारा जोर), साइटमधले अंतर, शस्त्राचे वजन आणि धक्का या पाचही गोष्टी एकदम बदलल्या आणि ग्रुप सुधारला किंवा बिघडला, तर तो कशामुळे हे कोणालाच सांगता येत नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजीत २५ मीटरच्या .२२ आणि सेंटर फायर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर पिन आपटते ती मोठी कॅलिबर) या दोन्ही प्रकारांत ट्रिगरचे किमान वजन १,००० ग्रॅम आहे, साइटमधले अंतर जास्तीत जास्त २२० मिमी आणि पिस्तुलाचे वजन जास्तीत जास्त १,४०० ग्रॅम. सेंटर फायरला ७.६२ ते ९.६५ मिमी कॅलिबर चालते आणि पुष्कळ नेमबाज .३२ वापरतात. म्हणजे हे नेमबाज दोन कॅलिबर चालवतात खरे, पण एका पिस्तुलावरून दुसऱ्याकडे जाताना त्यांच्या हाताला धक्क्याशिवाय फारसे काही वेगळे लागत नाही. अमेरिकेतल्या बुल्स-आय प्रकारात तर एका पूर्ण सामन्यात .२२, सेंटर फायर आणि .४५ अशा तीन फेऱ्या असतात, प्रत्येकी ९०० आणि एकूण २,७०० गुणांच्या. तिथले बरेच नेमबाज सेंटर फायरची फेरीही .४५ नेच मारतात आणि .२२ असे निवडतात की त्याच्या ग्रिपचा कोन .४५ शी जुळेल. विविधतेचा पुरस्कार करणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी: जे तीन कॅलिबर चालवण्यात मुरलेले आहेत, ते शस्त्रांमधला फरक होईल तितका कमी करतात.

दुसरा बदल म्हणून मी डबल अॅक्शन रिव्हॉल्व्हर देतो, .३८ स्पेशलचे आणि शक्य तर चार इंची नळीचे. कारण त्याचा ट्रिगर. पुष्कळ सर्व्हिस पिस्तुलांचा ट्रिगर अडीच किलोच्या आसपास आणि थोड्या अंतरात सुटतो. डबल अॅक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये एकाच लांब ओढीत सिलिंडर फिरतो, हॅमर मागे जातो आणि सुटतो. त्याला साडेचार-पाच किलोचा जोर लागतो, तोही शस्त्राच्या स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट. अशा ओढीत बोट जरा तिरके गेले तरी फ्रंट साइट वळताना स्पष्ट दिसते. इथे चूक लपवायला जागाच नसते. शिवाय अर्ध्या वाटेवर ‘आता सुटणार’ असे ओळखून ट्रिगर हिसकण्याची जी सवय हलक्या ट्रिगरवर लागते, ती लांब ओढीवर मोडते, कारण ओढ अखंड आणि एकाच गतीने चालू ठेवावी लागते. बोट थांबले की सिलिंडर थांबतो, साइट डोलू लागते, आणि मग उरलेली ओढ झटक्यात पूर्ण करण्याचा मोह होतो; तो मोह आवरणे हाच सराव आहे.

रिव्हॉल्व्हरचा आणखी एक फायदा असा की डमीची चाचणी त्यावर एकट्याने करता येते. सहा घरांपैकी तीन घरांत खरी काडतुसे आणि तीन घरांत झाडलेली रिकामी खोकी घालायची, न पाहता सिलिंडर फिरवून बंद करायचा. पुढची गोळी आहे की नाही हे हाताला कळत नाही, त्यामुळे प्रत्येक ओढ सारखीच घेण्यावाचून इलाज राहत नाही. मी नवख्यांकडून पहिल्या तीस ओढी रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर करून घेतो, फ्रंट साइटवर एक नाणे आडवे ठेवून. हॅमर पडल्यावर नाणे जागेवर राहिले पाहिजे. पहिल्या दिवशी ते तीसपैकी पाच-सात वेळा राहते. दोन आठवडे रोज दहा मिनिटे दिली की वीसच्या पुढे जाते, आणि बहुतेकांच्या ९ मिमीच्या टार्गेटवरची खाली डावीकडची भोके त्याच सुमारास विरळ होऊ लागतात.

आता .४५ बद्दल. तुम्हाला हे कॅलिबर सुचवणाऱ्यांचा तर्क असा असतो की मोठ्या धक्क्याची सवय झाली की लहान धक्का क्षुल्लक वाटतो. हा तर्क मला फारसा मान्य नाही. ज्याचा हात आधीच दचकतो त्याला आणखी मोठा धक्का देणे म्हणजे दुखऱ्या जागेवर दाब देणे आहे. दोन-चार सत्रांत ती भीती आणखी पक्की होते. मात्र .४५ म्हणजे मोठा धक्का हे समीकरणही पूर्ण खरे नाही. २३० ग्रेनची, म्हणजे जवळपास १५ ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण २५५ मीटर वेगाने जाते. तिचा रेटा ९ मिमीच्या सव्वा ते दीडपट भरतो. पण १९११ (.४५ चे एक जुने प्रसिद्ध मॉडेल) प्रकारचे पूर्ण पोलादी पिस्तूल १,१०० ग्रॅमचे असते. दारूच्या वायूचा वाटा बाजूला ठेवून हिशेब केला तर ते सेकंदाला सुमारे साडेतीन मीटर वेगाने मागे येते, तर ९ मिमीचे ६०० ग्रॅमचे छोटे पिस्तूल पावणेपाच मीटर वेगाने. म्हणजे हाताला ते छोटे ९ मिमीच जास्त टोचते. कॅलिबरइतकेच शस्त्राचे वजन महत्त्वाचे आहे, आणि धक्क्याची चर्चा करताना नेमकी हीच गोष्ट राहून जाते. त्यात ९ मिमीच्या काडतुसाचा कमाल दाब ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) धरला जातो आणि .४५ चा २१,०००, म्हणून जड .४५ चा धक्का अनेकांना ढकलल्यासारखा वाटतो आणि हलक्या ९ मिमीचा थप्पड मारल्यासारखा. तुमचे पिस्तूल छोटे आणि हलके असेल तर मी .४५ ऐवजी पूर्ण आकाराचे, जड ९ मिमी काही सत्रे चालवून पाहायला सांगेन. काडतूस तेच, वजन वेगळे. एवढ्यानेच ग्रुप आवळला तर तुमच्या दचकण्याचे बरेचसे कारण तुम्हाला मिळाले. मॅग्नम (जास्त जोराच्या) काडतुसांविषयी एवढेच सांगतो की नेम सुधारण्यासाठी त्यांची गरज पडलेला एकही नेमबाज मी पाहिलेला नाही.

एअर पिस्तूल कोणी सुचवले नाही असे तुमच्या प्रश्नावरून दिसते. माझ्या मते ते अवश्य हाताळावे. त्याचा ४.५ मिमीचा छर्रा नळीत दोन-तीन मिलिसेकंद असतो, म्हणजे ९ मिमीच्या गोळीच्या कित्येक पट वेळ. धक्का जवळजवळ नाही, पण ट्रिगर सुटल्यावर हात लगेच सैल सोडला तर छर्रा इमानदारीने त्या चुकीच्या दिशेला जातो. फॉलो थ्रू (गोळी सुटल्यावरही हात आणि नेम क्षणभर तसाच धरणे) म्हणजे नेमके काय, हे शंभर वेळा सांगूनही कळत नाही ते दहा मीटरवर, ११.५ मिमीच्या दहाच्या वर्तुळावर तासाभरात कळते. शिवाय ते एका हाताने चालवायचे असते, त्यामुळे मनगट न वाकवता ताठ ठेवण्याची सवय होते. दक्षिण कोरियाच्या जिन जाँग-ओ यांनी २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर पिस्तूल आणि ५० मीटर पिस्तूल अशी दोन्ही सुवर्णपदके जिंकली, आणि मनू भाकर २०२४ मध्ये एअर पिस्तुलात कांस्यपदक मिळवून २५ मीटर पिस्तुलातही चौथ्या आल्या. दोन शस्त्रे एकमेकांना मारक ठरतातच असे नाही, हे यावरून दिसते. अर्थात हे नेमबाज दोन्ही शस्त्रांवर वेगवेगळे, ठरवून काम करतात, हेही विसरू नये.

साइटमधल्या अंतराबद्दल थोडक्यात. तुमच्या पिस्तुलावर दोन साइटमध्ये १५० मिमी अंतर असेल आणि फ्रंट साइट खाचेत एक मिलिमीटर डावीकडे राहिली, तर १५ मीटरवर गोळी १०० मिमी डावीकडे जाते. २२० मिमी अंतराच्या पिस्तुलावर तीच चूक ६८ मिमी होते. उलट दोन्ही साइट जुळलेल्या असताना संपूर्ण हात पाच मिलिमीटर हलला तर गोळीही पाचच मिलिमीटर सरकते. म्हणून लांब पिस्तुलावर ग्रुप लहान आला की हात सुधारला असे लगेच समजू नका, आणि हात डोलतो म्हणून घाबरून ट्रिगर हिसकू नका. साइट जुळलेल्या राहिल्या तर ते डोलणे पुष्कळ स्वस्तात सुटते.

आता क्रमाबद्दल, कारण इथे मी स्वतः एक अख्खा हंगाम गमावला आहे. विविधता चांगली असे मनाशी धरून मी त्या वर्षी प्रत्येक सत्रात चार शस्त्रे पंचवीस-पंचवीस गोळ्यांसाठी चालवत असे. सत्र मजेत जायचे, थकवा यायचा नाही आणि खूप काही केल्याचे समाधान मिळायचे. वर्षअखेरीस वही काढून पाहिली तेव्हा चारही शस्त्रांवरचे गुण आदल्या वर्षीपेक्षा खाली होते. कोणत्याही शस्त्रावर मी एखादी चूक धरून ती संपेपर्यंत काम केलेच नव्हते. चूक दिसली की शस्त्र बदलायचे, असे चालले होते.

या अनुभवामुळे मी शिकण्याच्या शास्त्रातले एक जुने संशोधन वाचले आणि त्याचा मला फार उपयोग झाला. १९७९ मध्ये शे आणि मॉर्गन या संशोधकांनी हाताच्या हालचालींचे तीन प्रकार काहींना एकेक करून सलग शिकवले, तर काहींना सरमिसळ क्रमाने. सरावाच्या वेळी सलग शिकणारे पुढे होते, पण काही दिवसांनी पुन्हा तपासले तेव्हा सरमिसळ शिकणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. ते प्रयोग नेमबाजीवरचे नव्हते, त्यामुळे त्यांचे निष्कर्ष मी जसेच्या तसे उचलत नाही. मात्र दोन गोष्टी माझ्या वहीतही तशाच दिसतात. सत्राच्या शेवटी जो ग्रुप येतो तो किती शिकलो हे सांगत नाही. पुढच्या सत्राच्या अगदी पहिल्या दहा गोळ्या सांगतात. आणि मूळ हालचाल बसलेली नसताना सरमिसळ केली तर त्यातून फक्त गोंधळ पदरी पडतो. तुम्ही ज्या टप्प्यावर आहात तिथे मर्यादित सरमिसळ उपयोगी पडेल असे मला वाटते.

मी तुमच्या जागी असतो तर आठ आठवड्यांची आखणी अशी केली असती. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला, हात गरम न करता, नेहमीच्या ९ मिमीने १५ मीटरवर दहा गोळ्या. ते टार्गेट तारीख घालून जपून ठेवायचे आणि त्यावर विचार न करता पुढे जायचे. पहिल्या चार आठवड्यांत पुढच्या साठ गोळ्या .२२ ने, प्रत्येक गोळी कॉल करून. उरलेल्या तीस पुन्हा ९ मिमीने, पाच-पाचच्या मालिकेत आणि प्रत्येक मालिकेत एक डमी. पाचव्या आठवड्यापासून .२२ च्या गोळ्या तीसवर आणायच्या आणि तीस डबल अॅक्शन रिव्हॉल्व्हरला द्यायच्या. त्या काळात ९ मिमी आणि .२२ आलटून पालटून, पाच गोळ्या यातून आणि पाच त्यातून. रेंजवर जाणे महिन्यातून दोनदाच जमत असेल तर आठ आठवड्यांत चारच सत्रे होतील, त्यामुळे बाकीच्या दिवशी ड्राय फायरिंग (काडतुसाविना ट्रिगर दाबण्याचा सराव) दहा मिनिटे तरी हवेच. खोलीत काडतुसे नसावीत, चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) दोनदा तपासावे आणि नळीसमोर गोळी अडवू शकेल अशी भिंत असावी. .२२ वर ड्राय फायरिंग मॅन्युअलने मुभा दिली असेल तरच करावे, कारण पुष्कळ .२२ शस्त्रांत फायरिंग पिन काडतुसाऐवजी चेंबरच्या कडेवर आपटून ती खराब करते.

अनेक शस्त्रे आली की धोकेही बदलतात, आणि याबाबत मी अजिबात तडजोड करत नाही. टेबलावर एका वेळी एकच शस्त्र आणि त्याचीच काडतुसे असावीत. ९ मिमीचे काडतूस .४० च्या चेंबरमध्ये शिरते, आणि .३८ स्पेशल .३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये चालते म्हणून उलटेही चालेल असा समज लोक करून घेतात. या चुका थकलेल्या माणसाकडून होतात. पिस्तुलावर दोन्ही अंगठे पुढे ठेवण्याची सवय असेल तर रिव्हॉल्व्हर हातात घेण्यापूर्वी ती आठवून बदला, कारण सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून निघणारा तप्त वायू बोट कापू शकतो. रिव्हॉल्व्हरची सवय घेऊन पिस्तुलाकडे आलात तर आधाराच्या हाताचा अंगठा स्लाइडच्या मागे येतो आणि मागे येणारी स्लाइड त्याला सोडत नाही. काही पिस्तुलांची सेफ्टी खाली ढकलली की शस्त्र झाडायला तयार होते, काहींची वर ढकलली की. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर तत्काळ थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि पुढची गोळी नळी फोडू शकते. ट्रिगर दाबूनही काही झालेच नाही तर नळी टार्गेटकडे ठेवून निदान तीस सेकंद थांबा. .२२ चा आवाज लहान वाटतो म्हणून कानांवरचे संरक्षण काढणारे अनेक जण भेटतात. पिस्तुलाच्या कोणत्याही काडतुसाचा आवाज कानाला धोकादायक असलेल्या १४० डेसिबलच्या वर जाऊ शकतो, आणि बंदिस्त रेंजवर मी इअर प्लग आणि त्यावर इअर मफ असे दोन्ही वापरतो.

राहिला विकत घेण्याचा प्रश्न. आठ आठवडे संपेपर्यंत काहीही घेऊ नका. रेंजवरची किंवा क्लबची शस्त्रे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली वापरा. त्यानंतरही दुसरे शस्त्र हवेच असे वाटले तर .२२ घ्या, तेही तुमच्या ९ मिमीच्या ग्रिपशी शक्य तितके जुळणारे. ग्रिपच्या कोनातला थोडा फरकही हाताला कळतो: १९११ ची सवय असलेल्याने ग्लॉक (वेगळ्या कोनाच्या ग्रिपचे पिस्तूल) डोळे मिटून टार्गेटकडे धरले आणि मग डोळे उघडले तर फ्रंट साइट खाचेच्या वर आलेली दिसते. कोणतेही शस्त्र घेण्यापूर्वी हीच परीक्षा पाच-सहा वेळा करा; साइट दर वेळी आपोआप जवळपास जुळल्या तर ते तुमच्या हाताचे आहे.

आठ आठवड्यांनी सुरुवातीच्या दहा गोळ्यांची सगळी टार्गेट तारखेच्या क्रमाने जमिनीवर मांडून पाहा. ग्रुपचा आकार सगळ्यात शेवटी मोजा. आधी फक्त खाली डावीकडची भोके मोजा, पहिल्या टार्गेटवर किती होती आणि शेवटच्यावर किती राहिली. ती कमी झाली नसतील तर ती टार्गेट आणि कॉल केल्याच्या नोंदी घेऊन पुन्हा विचारा. कॉल बरोबर येत होते की नाही यावरून पुढे काय करायचे ते सांगता येईल.